करो की करेंगे?

माझा भाचा अमेरिकेत न्यू हॅम्पशायर नावाच्या एका लहानशा राज्यात राहतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्याच्याकडे महिनाभर राहून आलो. परतल्यावर प्रवासवर्णन लिहिण्याचा मोह मी कसाबसा आवरला, पण सांगण्याचा मोह काही आवरला नाही. सकाळी आमची सेवानिवृत्तांची टोळी फिरायला निघते. तिच्यापुढे माझे अमेरिकापुराण रोज सुरू असे. त्यातला एक अध्याय मोटारींच्या नंबर प्लेटचा होता. तिकडे अनेक राज्ये गाडीच्या पाटीवर क्रमांकाच्या जोडीने एखादे घोषवाक्यही छापतात. आयडाहोवाले आपल्या बटाट्यांची कीर्ती मिरवतात, विस्कॉन्सिनवाले दूधदुभत्याची, इलिनॉयवाले लिंकनची. “आणि आमच्या भाच्याच्या राज्याच्या पाटीवर काय आहे, ठाऊक आहे?” असे म्हणून मी क्षणभर थांबत असे आणि मग ठणकावून सांगत असे, “लिबर्टी ऑर डेथ! स्वातंत्र्य किंवा मृत्यू!” मंडळी माना डोलावीत. एकदोघांनी तर हे वाक्य पुढे आपल्या भाषणात वापरल्याचेही माझ्या कानावर आले.

गेल्या दिवाळीत भाचा वर्ध्याला आला आणि एका सकाळी आमच्याबरोबर फिरायला निघाला. मला नेहमीच्या ठिकाणी नेहमीचा हुरूप आला. मी वाक्य म्हटले आणि भाच्याकडे कौतुकाने पाहिले. तो म्हणाला, “मामा, हे कुठं वाचलं तुम्ही?” मग त्याने मोबाइल काढून आपल्या मोटारीचा फोटो सगळ्यांना दाखवला. पाटीवर स्वच्छ अक्षरांत होते, ‘लिव्ह फ्री ऑर डाय’. मोकळे जगा, नाहीतर मरा.

त्या मोटारीत मी महिनाभर बसलो होतो. तिच्या डिकीत सामान ठेवताना ती पाटी रोज माझ्या गुडघ्यासमोर होती. तरीही मी वाचले एक आणि जपून ठेवले भलतेच.

मित्रांनी माझी बाजू सावरून धरली. “जाऊ द्या हो, भावार्थ तोच ना!” पण मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. भावार्थ हा शब्द आमच्या धंद्यात नाही. चेकवर आकड्यात एक रक्कम आणि अक्षरात दुसरी असली, तर कोणती खरी मानायची याचे उत्तर १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. अक्षरी रक्कम खरी. प्रत्यक्षात काउंटरवरचा कारकून असा चेक परत करतो ही गोष्ट वेगळी. पण कायद्याने मान दिला आहे तो शब्दाला. माणसाचा हात आकड्यात सहज घसरतो, शब्द लिहिताना तो जरा थांबतो, असा त्यामागचा विचार असावा. माझा तर शब्दच घसरला होता.

तो का घसरला, हे शोधायला फार खोल जावे लागले नाही. पॅट्रिक हेन्री नावाच्या अमेरिकन पुढाऱ्याने १७७५ मध्ये व्हर्जिनियात एक भाषण केले. मला स्वातंत्र्य द्या, नाहीतर मरण द्या, असा त्याचा शेवट सांगितला जातो. शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी आमच्याकडून ते घोकून घेतले होते. पन्नास वर्षे ते वाक्य डोक्यात रिकामे पडून होते. नवे वाक्य दाराशी येताच जुन्याने त्याला बाहेरच थांबवले आणि आपण त्याच्या जागी जाऊन बसले.

आपल्याकडे नंबर प्लेटवर घोषवाक्य नाही. आमच्या जिल्ह्याच्या गाड्यांवर ‘एमएच ३२’ एवढीच ओळख असते. नव्या सुरक्षा पाट्यांवर एका कोपऱ्यात अशोकचक्राचे होलोग्राम आणि ‘आयएनडी’ ही तीन अक्षरे आली आहेत, इतकेच. आकडे वळवून वळवून त्यांतून ‘दादा’ वाचता येईल अशी पाटी रंगवण्याचा शौक आपल्याकडे आहे, पण ती घोषणा त्या त्या दादाची, राज्याची नव्हे. मात्र राज्याचे शब्द अंगावर घेऊन गावोगाव फिरणारे एक वाहन आपल्याकडे आहेच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून चालत आलेली आपली एसटी.

आपली फजिती झाली की दुसऱ्याचीही व्हावी, असे माणसाला वाटते. त्याच सकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा घेताना मी विचारले, “आपल्या एसटीचं ब्रीदवाक्य काय?” चौघांनी चार उत्तरे दिली. एक म्हणाला, “वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन.” दुसरा म्हणाला, “गाव तिथे एसटी.” ही दोन्ही वाक्ये आहेत एसटीचीच, पण ती जाहिरातीची. तिसऱ्याने हात जोडून ‘प्रवाशांच्या सेवेसाठी’ म्हटले. मग मी चढ्या आवाजात योग्य उत्तर दिले, “बहुजन सुखाय, बहुजन हिताय.”

शेजारच्या बाकावर एक निवृत्त कंडक्टर बशीत चहा ओतून पीत होते. ते बशी खाली न ठेवताच म्हणाले, “उलटं म्हटलं साहेब तुमी. आधी हिताय, मंग सुखाय.” मी पैज लावली. वर्ध्यात पैज लावायची तर गोरसपाकाचीच. समोर आर्वीची गाडी उभी होती. आम्ही पाचहीजण उठून तिच्या अंगावरचे बोधचिन्ह वाचायला गेलो. बहुजन हिताय, बहुजन सुखाय. गोरसपाकाचा डबा मी त्याच दिवशी पोचता केला. दिवसातली दुसरी हार होती, पण तिने मला पहिलीपेक्षा जास्त विचारात पाडले.

कारण हे शब्द एसटीने केलेले नाहीत. भगवान बुद्धांनी आपल्या भिक्षूंना गावोगाव फिरायला पाठवले, ते पुष्कळांच्या हितासाठी आणि पुष्कळांच्या सुखासाठी, असे पाली ग्रंथांत आहे. क्रम तोच आहे. आधी हित, मग सुख. आकाशवाणीनेही तेच शब्द त्याच क्रमाने घेतले. गावोगाव फिरण्याचा उपदेश गावोगाव फिरणाऱ्या गाडीवर यावा, यापेक्षा नेमकी निवड क्वचितच होते. हित आणि सुख या दोन गोष्टी एक नाहीत. औषध कडू असते तेव्हा हित असते आणि सुख नसते. तोट्यातल्या आडगावी रात्रीची मुक्कामी गाडी पाठवणे हे हित. निमआराम गाडीची खिडकीजवळची जागा हे सुख. माझ्या स्मरणशक्तीने त्यांची अदलाबदल केली, ती कोणत्या दिशेने केली हे मला टोचले. मला सुख आधी आठवले.

मग मला चाळाच लागला. भेटेल त्याला विचारू लागलो, महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर काय लिहिले आहे? ते आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. सज्जनांचे रक्षण आधी, दुर्जनांचा बंदोबस्त नंतर. मी विचारलेल्यांपैकी बहुतेकांना दुसरा शब्द आठवला, तोही मोडकातोडका. कोणी ‘खलनिग्रहाय’ म्हणाले, कोणी ‘दुष्टनिग्रहाय’. पहिला शब्द फारच थोड्यांच्या ओठावर आला. पोलिसांकडून आपण काय अपेक्षितो, काय विसरलो आहोत, याचा याहून सोपा हिशेब कोणता?

विसरण्याबद्दल कोणी कोणाला दोष देऊ नये, असे मानसशास्त्र सांगते. १९७९ मध्ये रेमंड निकरसन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स या दोन अमेरिकन संशोधकांनी लोकांना त्यांच्या रोजच्या वापरातले एक सेंटचे नाणे आठवून काढायला सांगितले. आयुष्यभर हाताळलेले ते नाणे बहुतेकांना बरोबर काढता आले नाही. कोणता मुखवटा कोणत्या बाजूला बघतो, कोणते शब्द कुठे आहेत, सगळ्यांत घोळ. नोटा मोजण्यात हयात घालवलेल्या मला हे पटायला वेळ लागला नाही. शंभराच्या नोटेच्या मागे किती भाषांत रक्कम लिहिली आहे, त्यात मराठी कितवी येते, हे आजही मला नोट खिशातून काढल्याशिवाय सांगता येणार नाही. जी वस्तू रोज दिसते ती आपण ओळखतो, वाचत नाही.

याच्याही आधी, १९३२ मध्ये, केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी इंग्रज माणसांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची कथा वाचायला दिली आणि मग पुन्हा पुन्हा आठवून लिहायला सांगितली. दरवेळी कथा थोडी थोडी इंग्रज होत गेली. ‘कनू’ची ‘बोट’ झाली. जे आपल्या समजुतीत बसत नव्हते ते गळाले, जे सोयीचे होते ते घट्ट झाले. आठवणे म्हणजे कपाटातून जुनी फाईल काढणे नव्हे, दरवेळी नवी फाईल तयार करणे होय, असा त्याचा अर्थ. आणि फाईल तयार करणारा कारकून आपल्या ओळखीचा असतो. तो आपल्याला त्रास होईल असे कागद बाजूला काढून ठेवतो.

इथवर हसण्यावारी नेता आले असते. पण भाच्याने जाताना मला त्याच्या पाटीची कथा सांगितली आणि तिने मला माझ्या आयुष्यातल्या एका जुन्या जागी नेऊन उभे केले.

जॉन स्टार्क नावाचा सेनानी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७७ मध्ये, बेनिंग्टनची लढाई लढला. १८०९ मध्ये त्या लढाईतल्या जुन्या सैनिकांचा मेळावा भरला. स्टार्क तेव्हा ऐंशीच्या घरात होता, आजारी होता, जाऊ शकला नाही. त्याने एक संदेश लिहून पाठवला, त्यात हे शब्द होते. १९४५ मध्ये राज्याने ते आपले ब्रीद केले. १९७१ मध्ये ते मोटारींच्या पाट्यांवर आले; त्याआधी तिथे ‘निसर्गरम्य’ अशा अर्थाचा एक निरुपद्रवी शब्द असे. जॉर्ज मेनार्ड या गृहस्थाला हे वाक्य आपल्या गाडीवर नको होते. त्याच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हते. त्याने ते शब्द झाकले. त्याला दंड झाला. दंड भरण्यास त्याने नकार दिला, तेव्हा पंधरा दिवसांची कैद झाली. मोकळे जगा, हे वाक्य झाकले म्हणून माणूस तुरुंगात गेला! १९७७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नागरिकाच्या गाडीचा राज्याला आपल्या मतप्रचाराचा फिरता फलक करता येणार नाही. आपल्याकडेही १९८६ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी मुलांच्या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तशीच भूमिका घेतली. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत.

शब्द तेच. एक म्हातारा योद्धा आपल्याबरोबर गोळ्या झेललेल्या सोबत्यांना ते सांगतो, तेव्हा ती त्या सगळ्यांची मिळून शपथ असते. तेच शब्द सरकार दुसऱ्याच्या गाडीवर ठोकते, तेव्हा तो हुकूम होतो. फरक शब्दांत नाही, त्यांच्या कर्त्यात आहे. कोण कोणाला म्हणतो आहे, यात आहे.

हे भाच्याशी बोलताना मी अचानक गप्प झालो, कारण मला १९९२चा ऑगस्ट आठवला.

तेव्हा मी आर्वी-आष्टीकडच्या एका लहान गावातल्या शाखेत होतो. बेचाळीसच्या आंदोलनाला पन्नास वर्षे झाली होती. स्वातंत्र्यदिनाला शाखेवर एक कापडी फलक लावावा, असे आम्ही ठरवले. माझे अक्षर बरे, त्यात लेखक म्हणून थोडे नाव होऊ लागलेले. पांढरा मांजरपाट आणला, तांबडा रंग आणला आणि रात्री जागून मी हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिले, ‘करो या मरो’.

दुसऱ्या दिवशी फलक काउंटरशेजारी वाळत घातला होता. त्या दिवशी एक म्हातारे बाबा पैसे काढायला आले. स्वातंत्र्यसैनिकाच्या पेन्शनचे त्यांचे खाते आमच्याकडे होते. अंगठा नाही, सही करीत. पण सही करायला त्यांना दोन मिनिटे लागत. फलकासमोर ते त्याहून जास्त वेळ उभे राहिले.

“साहेब, हे कोनं लिवलं?”

“मीच. का बाबा?”

“चुकलं.”

मला वाटले, ऱ्हस्वदीर्घाबद्दल बोलताहेत. ते म्हणाले, “करो नाई. करेंगे. करेंगे या मरेंगे.”

मी हसून म्हटले, “बाबा, अर्थ एकच आहे.”

“एकच कसा?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “करो म्हंजे तू कर अन् तू मर. आमाले असं कोनी म्हटलं असतं तं आमी म्हटलं असतं, आधी तू चाल समोर. बापू तसं नाई म्हनत. ते म्हनत, आपन करू. म्हनून तं आमी गेलो.” मग काउंटरवर पासबुक ठेवत ते म्हणाले, “तुमच्या बँकेत ‘मी भरीन’ अन् ‘तू भर’ एकच रायते का?”

मी निरुत्तर झालो. कर्जाच्या कागदांवर मी दिवसातून दहादा सह्या घेत होतो. कर्जदार लिहून देतो, मी फेडीन. त्या एका प्रथम पुरुषावर अख्खी बँक उभी असते. तो शब्द बदलला तर तारण, जामीन, शिक्के सगळे व्यर्थ.

पण कबूल केले पाहिजे की मी फलक बदलला नाही. कापड उरले नव्हते, दिवस उरले नव्हते, आणि आत कुठेतरी असेही वाटले, की कोणाला कळते आहे? पंधरा ऑगस्टला फलक लागला. बाबा झेंडावंदनाला आले, मागच्या रांगेत उभे राहिले, सलाम करून, पेढा न घेता गेले. पुढल्या महिन्यात आले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. काही वर्षांनी एका नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला ते आले नाहीत. खाते बंद करण्याच्या कागदावर सही माझीच आहे.

त्यानंतर मी जे वाचले ते आधी वाचायला हवे होते. आणि ते माझ्याच जिल्ह्यात घडले होते. काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांनी सत्ता सोडावी असा ठराव केला तो वर्ध्यात, १४ जुलै १९४२ रोजी. मुंबईच्या अधिवेशनाने त्यावर शिक्कामोर्तब केले ८ ऑगस्टला. त्या रात्री गवालिया टँकवर गांधीजी आधी हिंदुस्थानीत आणि मग इंग्रजीत बोलले. एक लहानसा मंत्र देतो, असे म्हणून त्यांनी जो मंत्र दिला तो हिंदुस्थानीत ‘करेंगे या मरेंगे’ असा रूढ झाला. त्याच्या पाठोपाठचे वाक्यही ‘आपण’ असेच बोलते. आपण हिंदुस्थान स्वतंत्र करू किंवा त्या प्रयत्नात मरू, गुलामी चालू राहिलेली पाहायला आपण जगणार नाही, असा त्याचा आशय आहे. इंग्रजीत हा मंत्र ‘डू ऑर डाय’ झाला. त्यात चूक काही नाही. इंग्रजीतला तो वाक्प्रचार जुना आहे आणि त्यात कर्ता लपून राहू शकतो. तो मी आहे, आम्ही आहोत की तुम्ही आहात, हे ‘डू’ सांगत नाही. घोळ झाला तो परत येताना. इंग्रजी वाक्य पुन्हा हिंदीत आणि मराठीत आले तेव्हा त्याला कोणता ना कोणता पुरुष देणे भाग होते. आपण दिला तो द्वितीय. ‘करो या मरो’, ‘करा किंवा मरा’. निघताना जो मंत्र ‘आपण’ होता, तो घरी परतला तेव्हा ‘तुम्ही’ झाला होता.

आणखी एक गोष्ट मला सापडली आणि तिने तर मी चकितच झालो. ९ ऑगस्टच्या पहाटे अटक होण्यापूर्वी गांधीजींनी देशासाठी निरोप ठेवला. स्वातंत्र्याच्या प्रत्येक अहिंसक शिपायाने हा मंत्र कागदाच्या किंवा कापडाच्या तुकड्यावर लिहून आपल्या कपड्यांना लावावा, म्हणजे सत्याग्रह करताना तो मेला तर, अहिंसा न मानणाऱ्यांपासून तो वेगळा ओळखता येईल. पाहा, ही पाटीच झाली. पण मोटारीची नव्हे, माणसाची. सरकारने ठोकलेली नव्हे, ज्याची त्याने लिहिलेली. आणि छातीवर लावलेल्या चिठ्ठीवर ‘करो’ असे कोणी लिहील काय? आपल्या छातीवर दुसऱ्यासाठी हुकूम लिहून मरायला कोण जाईल? तिथे ‘करेंगे’च शोभते.

आठवड्याभराने, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक झेंडा घेऊन गेले. गोळीबार झाला, गावची माणसे पडली. खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यात चिमूरलाही रक्त सांडले. आष्टीला आज लोक ‘शहीद आष्टी’ म्हणतात. त्या दिवशीचे सगळेच गांधीजींच्या अटीत बसणारे नव्हते, हे लपवण्याचे कारण नाही. पहाटेच्या निरोपातली ती चिठ्ठी का हवी होती, हेच त्यातून कळते. पण एक गोष्ट निश्चित. ठाण्यापुढे जे उभे राहिले ते कोणाला ‘तुम्ही करा’ म्हणून सांगून घरी बसलेले नव्हते.

आज ‘करो या मरो’ आपल्याला सर्वांत जास्त कुठे भेटते? क्रीडापानावर. भारतासाठी आज ‘करो या मरो’ सामना. खेळाडूंनी करावे, खेळाडूंनी मरावे. आपण चिवड्याची बशी घेऊन बसावे. ‘करेंगे या मरेंगे’ असा मथळा क्रिकेटला देता येणार नाही, कारण मग वाचणाऱ्याला खुर्चीतून उठावे लागेल. म्हणूनच मला वाटते, हे शब्द आपल्याकडून नुसते हरवत नाहीत. वाक्यातला जो भाग आपल्याला बांधून ठेवतो, नेमका तोच निसटतो. हिताच्या आधी सुख येते. सज्जनांचे रक्षण गळून दुर्जनांचा बंदोबस्त उरतो. ‘आपण करू’ याचे ‘तुम्ही करा’ होते. पाठांतरातली चूक म्हणून ती क्षम्य आहे. पण पिढ्यान् पिढ्या एकाच दिशेने होणाऱ्या चुकीला बँकेत आम्ही चूक म्हणत नव्हतो. तिची चौकशी लावत होतो.

यात गांधीभक्तीचा प्रश्न नाही, भाषाशुद्धीचाही नाही. आज गावातल्या भिंती घोषणांनी भरलेल्या आहेत. झाडे लावा, पाणी अडवा, मुलगी शिकवा, मतदान करा. सगळ्या लावा, अडवा, शिकवा, करा. कोणत्याही भिंतीवर ‘लावू’, ‘अडवू’ सहसा दिसत नाही. लिहिणारे खाते, वाचणारे गाव, आणि दोघांच्या मधे करणारा कोणीच नाही. त्या भिंतीला पाठ देऊन बसलेल्या माणसाला वाटते, हे दुसऱ्या कोणासाठी आहे. त्याचे फारसे चुकत नाही. वाक्यानेच त्याला तसे सांगितलेले असते.

यंदा ९ ऑगस्टला जवळच्या एका शाळेने मला क्रांतिदिनासाठी बोलावले. भाषणाआधी बाईंनी हातात खडू दिला आणि म्हणाल्या, “सर, तुमचं अक्षर छान आहे, फळ्यावर घोषणा तुम्हीच लिहा.” मी फळ्याकडे वळलो. ‘क’ काढला, ‘र’ काढला. खरे सांगतो, बाबांनी बजावून तेहतीस वर्षे होत आली होती, मधे एवढे वाचून झाले होते, तरी माझा हात सवयीने पुढे गेला आणि ‘र’ला काना देऊन मोकळा झाला.

मग थांबलो. डस्टर शोधले, मिळाले नाही. तो काना मी बोटाने पुसला, मात्रा दिली, अनुस्वार दिला आणि शब्द पुरा केला. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला कुजबुजली, “आजोबांचं शुद्धलेखन चुकलं वाटतं.”

“हो,” मी म्हणालो, “चुकलं होतं.”